घरभाडं शून्य

पाकिटावर आठशे ग्रॅम छापलेलं होतं. काट्यावर पाव सातशे सत्त्याऐंशी भरला. तिने आकडा स्थिर होऊ दिला, कागदी वेष्टनाचे चार ग्रॅम वजा केले आणि वहीत सातशे त्र्याऐंशी लिहिलं. यात कुणाची लबाडी नव्हती. पाव थंड होताना पाणी सोडतो, दुकानात दोन दिवस पडून राहिला की आणखी सोडतो. पण आपण पैसे पावाचे मोजतो, उडून गेलेल्या वाफेचे नाही, तेव्हा खरं वजनच धरायला हवं, असं तिचं म्हणणं.

"धर की," नवरा सुरी घेऊन उभा होता. "पण आता कापू दे. नुसतं वजन करून कुणाचं पोट भरलेलं मी अजून पाहिलं नाही."

माहेरी तिला लहानपणापासून 'तराजू' म्हणत. भावंडांत खाऊ वाटायचा तर सुरी तिच्या हातात, कारण ती कापणार ते तुकडे डोळे मिटून उचलले तरी चालत. पुढे विज्ञान शिकून ती वजनंमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली, तेव्हा दादा म्हणाला होता, "हिला नोकरी कुठे लागली? हिच्या सवयीला पगार लागला!" दहा वर्षांपूर्वी ती नवऱ्यासोबत परदेशी आली. तो लिफ्टदुरुस्तीच्या कामावर, आणि ती पुन्हा तसल्याच प्रयोगशाळेत. दुकानातले काटे ज्या वजनांवरून तपासतात, ती वजनं बरोबर आहेत की नाहीत हे ठरवणं तिचं काम.

आले तेव्हा दोन वर्षांच्या बोलीवर आले होते. दोनाची चार झाली, चाराची दहा. परत कधी, हे घोंगडं तेव्हापासून भिजत पडलेलं. कुणी विचारलं की ती म्हणायची, "आकडे बघू आणि ठरवू." आणि आकडे ती खरोखरच बघायची. दर वर्षी एक महिनाभर ती इथला आणि तिथला खर्च शेजारीशेजारी मांडायची. चलनाचा भाव रोज हलतो म्हणून तिने एककच बदललं होतं. कुठलीही वस्तू घ्यायला आपल्याला किती वेळ काम करावं लागेल, तेवढी ती महाग. इथलं लिटरभर दूध तिच्या इथल्या पगाराची चार मिनिटं. तिथलं लिटरभर दूध, तिथे मिळू शकणाऱ्या पगाराची नऊ मिनिटं.

"आई, मी किती मिनिटांची गं?" चौदा वर्षांची लेक विचारायची.

"तुझं अजून चालूच आहे, बाळ," बाप परस्पर उत्तर द्यायचा. "तुझा काटा स्थिरच होत नाही."

यंदा मात्र थट्टेवर भागणार नव्हतं. इथल्या प्रयोगशाळेने पाच वर्षांचा नवा करार पुढे केला होता. शुक्रवारपर्यंत सही हवी होती. आणि तिकडे माहेरच्या शहरात जुन्या साहेबांनी तिच्यासाठी एक जागा अडवून ठेवली होती. त्यांचाही निरोप होता, याच आठवड्यात काय ते कळवा, पुढे माझ्या हातात नाही. नवऱ्याने हात झटकले नव्हते, पण निर्णय तिच्या पदरात टाकला होता. "लिफ्ट दोन्हीकडे बंद पडतात," तो म्हणाला होता, "मला काम मिळेल. तू ठरव."

वहीतले आकडे तर स्पष्ट होते. महिन्याच्या खर्चासाठी इथे तिला एकशेवीस तास काम करावं लागे, तिथे पंचाहत्तर. गंमत म्हणजे किराणा, भाजी, शाळा, प्रवास, सगळं तासांत मोजलं तर तिथेच महाग पडत होतं. नळ दुरुस्त करणारा, डॉक्टर, मदतीला बाई, एवढंच काय ते तिथे स्वस्त. पण पहिल्याच ओळीने सगळं फिरवलं होतं. घरभाडं: इथे बासष्ट तास, तिथे शून्य. कारण तिथे वडिलांचं दोन मजली घर होतं. खाली दादा-वहिनी राहत, आणि वरच्या दोन खोल्या वडील जाताना तिच्या नावाने सांगून गेले होते.

रविवारी दुपारी नेहमीसारखा तिने वहिनीला फोन लावला. तिथले भाव वहिनीच सांगायची. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ती वही उघडून बसली. पडद्यावर वहिनी दिसली, गळ्यात टेप, मागे निळ्या कापडाचे गठ्ठे आणि चार मशिनी. वहिनी शाळांचे गणवेश शिवून द्यायची. घरापासून दोन गल्ल्यांवर तिचा गाळा होता, हाताखाली चार मुली होत्या. शाळा उघडायला पंधरा दिवस उरले होते, त्यामुळे रविवार असूनही काम जोरात होतं. एका गठ्ठ्यावर दादा बसला होता, नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून शर्टांना बटणं लावत.

"बोला तराजूबाई!" तो म्हणाला. "आज आमची काय झडती?"

"दादा, आधी सुई बघ. बोटात घुसेल."

"नऊ वर्षं घुसतेय. आता बोटालाच सवय झालीय. तुझी वहिनी मला पगार देत नाही ते लिही वहीत."

"लिहा, लिहा," वहिनी कात्री चालवतच म्हणाली, "आणि हेही लिहा, की यांनी लावलेली निम्मी बटणं मुली रात्री उसवून परत लावतात. वन्सं, दूध लिटरमागे दोनने वाढलं. तेल जैसे थे. कांदा उतरलाय, पण तो काय, आज उतरला की उद्या डोक्यावर बसेल."

तिने लिहून घेतलं. साखर झाली, भाजी झाली. तेवढ्यात गाळ्याच्या दारातून एक जाड आवाज आला. वहिनीने फोन मशिनीवर ठेवला, त्यामुळे पडद्यावर नुसता पंखा दिसायला लागला; आवाज मात्र स्वच्छ येत होता.

"ताई, काय ठरलं मग? एक तारखेपासून नवं भाडं." गाळ्याचे मालक होते. त्यांनी आकडा सांगितला. "जमत नसेल तर तसं सांगा. मोबाईलवाला दारात उभाच आहे माझ्या."

"काका, महिनाअखेरपर्यंत सांगते म्हटलं ना. ऐन हंगामात माझं बिऱ्हाड कुठे हलवू?"

"म्हणून तर चार दिवस थांबलो. नाहीतर मला काय, भाडं म्हणजे भाडं."

ऐकलेला आकडा भागून टाकायची तिच्या हाताला सवय होती. तिथल्या पगाराने भागला. त्रेचाळीस तास आले. तिने तो आकडा समासात लिहिला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मालक गेल्याची चाहूल लागली, मग वहिनीचा चेहरा पुन्हा पडद्यावर आला, थोडा घामेजलेला.

"गेले एकदाचे. हं, कुठे होतो आपण? कोथिंबीर."

"कोथिंबीर राहू दे. वहिनी, हा गाळा तू कधी घेतलास?"

"झाली की नऊ वर्षं. तुम्ही गेलात, त्याच्या पुढच्या साली. का?"

"घरी वर दोन खोल्या आहेत. मशिनी तिथे का नाही मांडल्यास?"

तिकडे कात्री थांबली. उत्तर दादाने दिलं, खाली बघूनच. "तो तुझा मजला आहे."

"माझा आहे, पण बंद आहे ना?"

"बंद नाही काही. ही दर महिन्याला झाडून-पुसून घेते. तू आलीस की किल्ली हातात द्यायची, बस. बाबा माझ्यासमोर बोललेत ते. उद्या कुणी म्हणायला नको, बहीण लांब आहे बघून भावाने मजला गिळला."

"कोण म्हणणार आहे असं?"

"लोकांना काय कर भरावा लागतो बोलायला?"

"वहिनी, तू तरी विचारायचंस मला."

वहिनी हसली. त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "काय विचारायचं, वन्सं? दर वर्षी तुम्ही येणारच होतात. येणाऱ्या माणसाच्या खोलीत कुणी मशिनी मांडतं का?"

"फोन ठेवू नका," ती म्हणाली. "दोन मिनिटं थांबा."

प्रयोगशाळेत नवीन लागलेल्या मुलांना ती पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवत असे. मोजून शून्य आलं तरच शून्य लिहा. मोजलंच नसेल तर रेघ मारा. न मोजलेली जागा शून्याने भरणं हा कामातला सगळ्यात मोठा गुन्हा, असं ती सांगायची, आणि एकदा एका मुलाची आख्खी वही तिने एवढ्यासाठी परत लिहून घेतली होती. इथे तिच्या स्वतःच्या वहीत, पहिल्या ओळीत, नऊ वर्षांची नऊ शून्यं बसली होती. भाडं जात होतं, दर महिन्याला जात होतं. ती ते भरत नव्हती, वहिनी भरत होती, एवढंच. चार ग्रॅमचं वेष्टन वजा करणाऱ्या बाईला दोन खोल्या दिसल्या नव्हत्या.

तिने शून्य खोडून त्रेचाळीस लिहिलं. पंचाहत्तर आणि त्रेचाळीस, एकशेअठरा.

नवरा मागे येऊन उभा होता. त्याने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. "इथे एकशेवीस, तिथे एकशेअठरा," तो हळूच म्हणाला. "महिन्याला दोन तास. म्हणजे काहीच नाही."

"काहीच नाही."

"आता काय करणार? पुढच्या वर्षी परत मोजणार?"

तिने पेनाला टोपण लावलं.

"एक सांगू? रागावू नकोस. नऊ वर्षं तुझी वही एकच सांगत होती, परत जा, तिथे स्वस्त आहे. आणि नऊ वर्षं तू म्हणत होतीस, अजून एक वर्षाचे आकडे येऊ देत. तुमच्या प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

ती म्हणाली असती, तुम्हाला उत्तर मिळालंय, पण ते तुम्हाला नकोय. हे तिने कितीतरी जणांना सांगितलं होतं, शांतपणे, समोरच्याला फार लागू न देता.

खरं तर त्या वहीत ज्याला ओळच नव्हती असं बरंच काही होतं. जुन्या नोकरीत तपासायची ती आणि सही करायचे साहेब. साहेब रजेवर असले की तपासलेली वजनं आठ आठ दिवस कपाटात पडून राहत. इथे तिच्या सहीने वजन बाजारात जातं, आणि तिने अडवलेलं वजन कुणाच्याही फोनने सुटत नाही. घरापासून कामापर्यंत चालत अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत तिला कुणी ओळखत नाही, कुठे निघालीस विचारत नाही, आणि तिला ते आवडतं. हे आवडणं तिला वाईट वाटायचं. भावाचं घर तिला प्रिय होतं, इतकं की तिथे गेलं की परतताना दोन दिवस घास उतरत नसे. पण परतताना. दर वेळी तिच्या मनात इकडे येणं म्हणजे परतणं होतं, आणि हा शब्द तिने कधी मोठ्याने उच्चारला नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसं ती नऊ वर्षं दुधाचे भाव विचारत होती.

"मी सांगू का त्यांना?" नवऱ्याने विचारलं.

"नको. माझं मी सांगते."

लेक दारात येऊन उभी राहिली होती, हातात पावाचा अर्धा खाल्लेला तुकडा. काहीतरी चाललंय हे तिला कळलं होतं, कारण ती चक्क गप्प होती.

फोनमध्ये दादाचं आणि वहिनीचं दबक्या आवाजात चाललं होतं. "तुला काय गरज होती मालकाचं बोलणं तिला ऐकवायची?" "मी ऐकवलं? तोंड त्यांचं, आवाज त्यांचा!" "आता ती मनाला लावून घेईल." "घेऊ देत की. माझ्या मनाला कुणी विचारलंय नऊ वर्षांत?"

"मी ऐकतेय," ती म्हणाली.

दोघं एकदम पडद्यात आली. दादाने चष्मा काढून हातात घेतला.

"हे बघ, तू हिचं काही ऐकू नकोस," तो घाईने म्हणाला. "गाळ्याचं आमचं आम्ही बघू. तू तुझं ठरव. यायचं असेल तर मजला तयार आहे. रंग काढायचाय फक्त. कधी येताय तेवढं सांग, म्हणजे रंगाऱ्याला बोलावतो."

तिने वही मिटली.

"दादा, रंगाऱ्याला बोलावू नकोस. वहिनी, मालकांना उद्याच गाळा सोडते म्हणून सांग आणि मशिनी वर ने, दोन्ही खोल्यांत ने. कुणी काही बोललं तर सांगा, तिनेच सांगितलंय." तिने मिटलेली वही बाजूला सारली. "आम्ही येत राहू, सुट्टीला, पाहुण्यासारखे. पण परत राहायला येणार नाही. महाग-स्वस्त काही नाही, दादा. मला इथे राहायचंय."