राबाचा उजेड

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाने पक्ष्यांच्या नादी लागू नये. नवरीला "हनुवटी जरा वर" म्हटलं की ती ऐकते. करकोचा कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

माझा जव्हारला स्टुडिओ आहे. तो चार दिवस बंद ठेवून मी सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावर गौरामावशीकडे मुक्काम ठोकला होता. गौरामावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. तिच्या घरासमोर तळं आहे आणि तळ्याच्या काठाला झिरा. उन्हाळ्यात बाकीचे पाडे टँकरची वाट बघत बसतात, तेव्हा हा पाडा त्या झिऱ्यावर जगतो. आता कोणी पार्टी तळं बुजवून रिसॉर्ट काढणार आहे. तळं गेलं की झिरा गेला, आणि झिरा गेला की पाडा उठला. हरकत घ्यायला तहसील कचेरीत गेलो तर तिथले साहेब म्हणाले, "परदेशी पक्षी उतरतात म्हणता ना? मग पक्षी ओळखू येईल असा फोटो आणा. मी फाइल अडवतो." शेवटची तारीख सोमवार, सकाळी अकरापर्यंत.

पक्षी उतरतात हे खरंच. कांड्या करकोचे, चांगले अकरा. मावशी तीन हिवाळे त्यांना मोजतेय. पण मेले उतरतात दिवेलागणीला आणि उडतात तांबडं फुटायच्या आत. दिवसभर कुठे उलथतात देव जाणे. त्या उजेडात माझ्या लग्नाच्या लेन्सला काय दिसणार, कपाळ? आयएसओ वाढवला की फोटोला रवा येतो, नुसते दाणेदाणे, शटर उघडं ठेवलं की पक्षी हलतो, फ्लॅश तिथवर पोचत नाही. आधी काढलेला फोटो बघून साहेबांनी विचारलं होतं, "ह्यांना बगळे म्हणू का बकऱ्या?" मला त्यांचा राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता.

रविवारी संध्याकाळीही रवाच आला. मी कॅमेरा घोंगडीवर आपटला आणि सगळा राग मावशीवर काढला. तिचा काय संबंध? पण घरात दुसरं कोणी नव्हतं.

"जरासा उजेड, मावशी. दोन मिनिटं. तेवढंसुद्धा नशिबात नाही."

"चिडतो कशाला? भाकर खा," ती म्हणाली. नंतर ती चुलीतला जाळ काठीने वरखाली करत बसली.

सोमवारी पहाटे मी बांधाआड पालथा पडलो. समोर पाण्यात करकोचे उभे होते, राखाडीत राखाडी. एक फोटो काढला. रवा. स्क्रीनवर तो मोठा करून बघत मी स्वतःलाच शिव्या घालत होतो, तेवढ्यात पाठीमागून तडतड आवाज आला आणि माझी सावली बांधावर पडली.

वळून बघतो तर वरच्या खाचरात मावशीने राब पेटवलेला. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेणी, पालापाचोळा, फांद्यांची कवळं म्हणजे मोळ्या रचून आम्ही ती जमीन भाजतो, तण मरावं म्हणून, तो राब. वर मातीचा थर देतात, म्हणजे हळूहळू धुमसतो आणि जमीन नीट भाजते. मावशीने माती घातलीच नव्हती. दोन महिने डोक्यावरून आणलेली कवळं माणूसभर उंच भडकली होती, आणि ती बाजूला उभी राहून हातातल्या काठीने आणखी मोकळी करत होती.

माझं डोकं फिरलं.

"अक्कल कुठे गहाण टाकलीस? उडतील ना ते! विझव आधी! चार दिवस इथे झक मारली का मी?"

आणखीही बोललो. ते इथे लिहीत नाही. बोलता बोलता मागे पंखांचा आवाज झाला, करकोचे ओरडले. मी वळलो तेव्हा पाणी हलत होतं आणि वर काहीतरी काळं लांब जात होतं. तरी कॅमेरा रोखून बटण दाबत राहिलो.

मावशी काठी टाकून उतरली. तोंडभर काजळी, आणि हसत होती. आगीच्या आवाजात तिला माझं एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं.

"दिसले ना रे झकास? कशा माना वर करून उभे होते. मी मोजले, अकराच्या अकरा. कानामागची पांढरी पिसं पण दिसली. म्हटलं, आता पोराचं काम झालं. काढलास ना?"

हो म्हणालो असतो तर निदान अकरा वाजेपर्यंत ती सुखात राहिली असती. पण जीभ वळेना.

"नाही काढला."

"का रे? एवढा वेळ होते की."

"माझी पाठ होती तिकडे. मी तुला शिव्या देत होतो."

तिने माझ्याकडे बघितलं. मग राबाकडे बघितलं. वरवर भडकून तो विझत आला होता, खालची जमीन तशीच कच्ची. औंदा रोपात सगळं तण माजणार. मला तिचे पाय धरावेसे वाटले, पण धरले नाहीत. ती बांधावर बसली आणि पदराने तोंड पुसू लागली.

"असू दे," ती म्हणाली. "उद्या येतील ते परत. थोडी कवळं राहिलीत घरामागं. उद्या काढ."

"उद्या मंगळवार आहे, मावशी."