येळवशीचा नियम

जळकोटच्या महांतप्पांनी अकरा महिने पोराशी तोंड उघडलं नव्हतं, आणि पोरगा नंदीश तर बापाच्या वरताण. एका घरात राहायचं, आईनं एका तव्यावर भाजलेली भाकरी खायची आणि निरोप मात्र शिवरंजनीमार्फत. "तुझ्या भावाला सांग, मोटार बंद कर." "ताई, अप्पांना सांग, केली." दोघं समोरासमोर बसलेले, आणि ही बिचारी मधी टपालपेटी!

कारण काय, तर नंदीशनं हायवेवरच्या खत-बियाण्याच्या दुकानात बसायला नकार दिला आणि चित्रं काढत बसला. आता पुण्याच्या एका कंपनीत त्याला मोबाइलवरच्या खेळांसाठी राक्षस काढायची नोकरी लागली होती. "राक्षस काढायला पगार देतात?" हेही अप्पांनी शिवरंजनीलाच विचारलं. उद्या सकाळी सहाची गाडी. भाऊ बापाशी एक शब्द न बोलता जाणार, हे तिला बघवत नव्हतं.

त्या रविवारी दुपारी तिनं शेवटचा डाव मांडला. खेळ तसा सोपा. शिवरंजनी गोष्ट सांगते. नंदीश आणि तिची मैत्रीण रुकसाना एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात. आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. नियमांचं पुस्तक परदेशी. तिनं त्यात नळदुर्गचा किल्ला घातला, बोरी नदी घातली, ज्वारीची रानं घातली, तरी खेळ काही आपला वाटेना. वाटणार कसा? गुण मिळायचे ते मारल्याचे. मग रुकसाना, जिच्या हातून जन्मात झुरळ मेलं नाही, ती भेटेल त्याला कापत सुटायची.

महांतप्पा तख्तपोसावर पेपर धरून बसले होते. वाचत कुठले, कान सगळे इकडंच.

"वाटसरू हायत का दरोडेखोर?" ते शेवटी खेकसलेच. "दुसऱ्याच्या रानातनं चाललेत, अन् रानवाला 'जेवून जा' म्हणत न्हाय? कुठलं गाव हे?"

"पुस्तकात तसा नियम न्हाय, अप्पा."

"मग त्या पुस्तकवाल्यानं येळवस बघितली न्हाय."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी गाव ओस आणि रानं भरलेली. कडब्याच्या झोपडीवजा कोपीत पूजा करायची, मिसळीच्या भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबिल मांडायची आणि वाटेनं जाणारा ओळखीचा असो-नसो, हाताला धरून पंगतीला बसवायचा. उपाशी गेला तर कमीपणा रानवाल्याला.

शिवरंजनी गणिताची मास्तरीण. नियम बदलला की उत्तर बदलतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं वहीतले 'मारल्याचे गुण' खोडले आणि खाली तीन नियम लिहिले. वाटसरूनं रानात जेवल्याशिवाय पुढं जायचं नाही. जेवू घालणारा जे विचारील त्याचं खरं उत्तर द्यायचं. आणि निघताना शिदोरी मिळेल; तिच्या बळावर पुढच्या तीन फाशांत दोन-दोन वाढवून मिळतील.

आणि काय सांगावं! अर्ध्या तासात त्याच नकाशावर बांध आले, विहिरी आल्या, कुत्र्यांना नावं मिळाली. राक्षसाला तीन एकर रान मिळालं. रुकसानानं तलवार ठेवून दिली. "कापू कशाला त्याला? रात्रीची लाइट हाय बिचाऱ्याला, पाणी द्यायला जातोय," ती म्हणाली. तख्तपोसावर पेपरामागं कुणीतरी हसलं.

मग नंदीशचा वाटसरू शेवटच्या रानाशी आला. तिथला रानवाला म्हातारा होता. असल्या माणसांच्या तोंडचं शिवरंजनीच बोलायची. तिनं पेपराकडं बघितलं.

"अप्पा, ह्याचं तुम्ही बोला. नियम तुमचा हाय." म्हणाली खरी, पण जीव मुठीत धरून.

महांतप्पांनी पेपराची घडी घातली. नीट, चौकोनी. नजर पोरावर नाही, नकाशावर.

"पाव्हणं, थांबा. आंबिल घेतल्याबिगर पुढं जायचं न्हाय."

नंदीशचे कान लाल झाले. "घाईत हाय, मामा."

"नियम हाय."

"...बसतो."

"कुठं निघालाव?"

"लांब. कामाला."

"काम मनासारखं हाय का?"

"लई."

"घरी कोण कोण?"

"आई. बहीण. अन् वडील."

"वडलांना सांगून निघालाव?"

नंदीशनं मुठीतला फासा घट्ट धरला. इथं फासा टाकायचा नव्हता, खरं बोलायचं होतं. "न्हाय," तो म्हणाला. "ते बोलत न्हाईत, अन् मीबी बोललो न्हाय. चुकलं माझं."

रुकसानानं ओढणी डोळ्यांना लावली.

"त्या बापाचंबी चुकलंच की," म्हातारा रानवाला म्हणाला. "हे घ्या, शिदोरी." आणि महांतप्पांनी रिकाम्या हातांनी भाकरी रचली, वर भज्जी ठेवली, फडक्याला गाठ मारली. नंदीशनं दोन्ही हात पुढं करून ती घेतली.

"रंजे," अप्पा खाकरले. ती सवयीनं निरोप घ्यायला वळली. पण निरोप नव्हता. "येळवशीला जेवलेला पाव्हणा पुढल्या येळवशीला परत येतो. हाय न्हवं तसा नियम?"

तसा नियम वहीत नव्हता. शिवरंजनी उगाच पानं उलटत राहिली, अक्षरं दिसेनात.

"हाय, अप्पा," नंदीश म्हणाला. "म्या वाचलाय."

"मग सकाळी लवकर ऊठ. गाडीवर सोडायला मीच येतो."

शिवरंजनीनं डोळे पुसले आणि चौथा नियम लिहून टाकला.