बसलेला आवाज

माझ्या भावामागं तीन गिटारी राहिल्या, आणि त्यातली बरी कुठली ते सांगायला तो राहिला नाही.

इंद्रजित पुण्यात गिटार शिकवायचा. चैत्रात तापाचं निमित्त झालं आणि नऊ दिवसांत गेला. भाड्याची खोली सोडावी लागली. शेफालीवहिनी लेकीला, सोनियाला घेऊन माहेरी गेली आणि गिटारी आल्या वेल्ह्याच्या वर, आमच्या वाडीत, आमच्या वडलांकडं, आबांकडं. तिथं आबा, दोन गाई, अकरा शेळ्या आणि आता ह्या तिघी.

दिवाळीच्या सुट्टीत सोनिया त्यातली एक न्यायला आली. एकच. वहिनीच्या माहेरी एका खोलीत पाच माणसं. "दुसरी न्यायची तर एका मावशीला बाहेर झोपवावं लागेल," ती म्हणाली. बाकीच्या दोन पप्पूच्या क्लासला द्यायच्या ठरल्या. पप्पू हा इंद्रजितचा पहिला विद्यार्थी, नसरापूरला क्लास चालवतो, ऑर्केस्ट्रात वाजवतो. माझं शिवणाचं दुकान त्या क्लासच्या शेजारीच. त्यानंच मला मोटरसायकलवर मागं बसवून वर आणलं. वाटेत तीनदा म्हणाला, "ताई, मिठी मारू नका, हँडल हलतंय." मी मिठी मारली नव्हती, जीव धरला होता.

सोनियाला कुठलीही गिटार नको होती. तिच्या मोबाईलमध्ये बापाचा एक मेसेज होता, मागच्या माघातला, ह्याच अंगणातला. त्यात वाजते ती हवी होती. तिनं तो आम्हाला ऐकवला. आधी थोडं वाजवणं, संथ, एकेक सूर पाण्यात खडा टाकावा तसा. मग इंद्रजित म्हणतो, "थंडीनं आवाज बसलाय बघ सोनू." मागून आबा, "शेकू का रं?" आणि हा, "शेका आबा, शेका!" मग दोघांचं हसणं, आणि संपलं.

आबा ओट्यावर बसून ऐकत होते. तोंडावरचं काही हललं नाही.

पप्पूनं तिन्ही गिटारी घोंगडीवर मांडल्या. बाजारात मडकं घेताना वाजवतात तशी एकेकीच्या पोटावर टिचकी मारली.

"ही लाल, दिसायला नवरी. आवाज पातळ. वायर जोडून स्टेजवर वाजवायची. ही पिवळी सरांची पहिली, प्लायवुडची. प्लायवाली जशी आणाल तशी राहती, वयानं सुधारत न्हाई."

"म्हणजे माझ्यासारखी," मी म्हणाले. सोनिया जरा हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

"आणि ही तपकिरी. हिचं वरचं पान अख्ख्या लाकडाचं. अशी जितकी वाजवाल तितकी आवाजानं उघडत जाती. सरांनी दोन वर्षं पैसे साठवून घेतली. चाळीस हजाराला कुणीबी डोळे मिटून नेईल."

"किंमत नको सांगू दादा," सोनिया म्हणाली. "मी भिंतीकडं तोंड करते. तू तिन्हीवर तेच वाजव. मी ओळखते."

ती गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून बसली. आधी मेसेजमधलं वाजवणं, बोलणं सुरू झालं की बंद, मग गिटार, असं चाललं. पहिली झाली.

"नाही."

दुसरी झाली. तिनं मेसेज पुन्हा लावला. "जवळ आहे. पण नाही."

तिसरी, तपकिरी, पप्पूनं मांडीवर घेतली. तारा सैल पडल्या होत्या, त्या खुंट्या पिळून त्यानं सुरात आणल्या आणि बोट फिरवलं. चिरलेल्या घागरीसारखा बद्द आवाज आला. त्याच्या आत काहीतरी झरझरत होतं.

"ही कुठली चौथी?" सोनिया वळली.

पप्पूचा चेहरा उतरला. त्यानं गिटार डोळ्यासमोर आडवी धरली. पोटाला फुगारा आला होता. तारा जिथं अडकवतात ती लाकडी पट्टी एका बाजूनं उचलली होती, खाली नख जाईल एवढी. "हिचा डिंक सुटलाय. आतली पण पट्टी सुटली. लई ऊन लागलंय हिला, न्हाईतर जाळ. ताई, कुठं ठेवली होती?"

मी गिटार हातात घेतली आणि तिच्या भोकाशी नाक नेलं. गोवऱ्यांचा धूर. हा वास मी जन्मापासून ओळखते. भैरवनाथाच्या यात्रेत आबा चाळीस वर्षं हलगी वाजवत आले. ओल धरली की हलगीचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मग ती जाळावर धरायची, कातडं ताणलं की आवाज वर येतो. आमच्या घरात बसलेल्या आवाजावर हा एकच इलाज.

आबा शेळ्यांकडं बघत होते.

"पत्र्याखाली ठेवली होती," मी म्हणाले. "उन्हाळ्यात पत्रा तापतो. मीच ठेवली. माझ्या ध्यानात नाही आलं."

"आत्या!" सोनियाचा आवाज फाटला. "तीन वस्तू राहिल्या होत्या त्यांच्या. तीनच. आणि तुला सावली नाही सापडली?"

मी मान खाली घातली. ह्या वयात बोलणी खायला काही वाटत नाही.

"मोहने," आबा म्हणाले, "खोटं कशापायी बोलती? म्या शेकली."

मी गिटार घोंगडीवर ठेवली.

"पावसाळ्यात तार छेडून बगितली. आवाज पार बसल्याला. म्हटलं पोरगी न्यायला येनार, तिला बापाचा आवाज गावाया पायजे. रोज सांजच्याला चुलीपशी धरायचो. दुसऱ्या दिशी बगावं तर आनिक बसल्याला. मंग आनिक शेकायचो." त्यांनी मोबाईलकडं बोट केलं. "त्योच म्हनला व्हता न्हवं, शेका म्हून?"

सोनियानं तो मेसेज किती वेळा ऐकला असेल याला हिशेब नाही. "मला वाटायचं," ती हळू म्हणाली, "हात शेकण्याचं चाललंय. थंडी होती ना." पप्पा का हसतात ते तिला आत्ता कळत होतं. लेकानं बापाची थट्टा केली होती. बापानं ती आज्ञा म्हणून धरली.

आबांनी पप्पूला विचारलं, "आता कशानंच न्हाई व्हनार?"

"पट्टी चिकटवता येईल आबा. पण पहिला आवाज न्हाई यायचा."

आबांनी मान हलवली. ढोर गेल्याचं सांगितल्यावर हलवतात तशी.

सोनिया उठली. पिवळी गिटार तिनं पिशवीत घातली. "ही नेते. शिकायला बरी. आणि जवळ आहे." मग तपकिरी घेऊन ओट्यावर आबांशेजारी जाऊन बसली. "पप्पूदादा, ही नाही द्यायची. पट्टी चिकटवून आण, इथंच राहील."

"द्यायचीच न्हाई," पप्पू म्हणाला.

"तोवर ह्या बारक्या तारेवर बघा," सोनिया म्हणाली. "आबा, हिला जाळ नाही लागत. आवाज बसला की हे कान पिळायचे. असे." तिनं खुंटी सैल सोडली. तार ढिली पडली, आवाज खाली गेला. आबांनी दचकून तिच्याकडं बघितलं.

"आता तुम्ही पिळा."

शेळीच्या पिलाचा कान धरावा तशी त्यांनी खुंटी दोन बोटांत धरली. "तुटंल."

"हळू पिळा. नाही तुटत."

"कुठवर पिळू?"

सोनियानं मोबाईल त्यांच्या दोघांच्या मधे ओट्यावर ठेवला आणि मेसेज लावला. "ह्याच्यापर्यंत."

आबा पिळत गेले, ती तार छेडत गेली. झरझर होतीच, बद्दपणाही होताच. पण सूर एकेक पायरी चढत मोबाईलच्या सुराशी आला आणि थांबला. आबांचं बोट खुंटीवरच राहिलं. मोबाईलमधून "शेका आबा, शेका" आलं, ते हसणं आलं. ह्या वेळी सोनियानं बंद केलं नाही, सगळं होऊ दिलं.

"आनिक एकदा लाव," आबा म्हणाले. "माजी तार थोडी कमी पडली."