खळ्यावरचा कॅमेरा

सोसायटीच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर जमना चोरी करत होती.

निदान भावेशचं म्हणणं तसं होतं. रिमोटने चित्र थांबवून तो खुर्च्यांच्या रांगांकडे वळला. "बघा मंडळी, बाईने पदराने अख्खं तोंड झाकलंय. तरी ओळखू येते की नाही? ही आमच्या कॅमेऱ्याची क्लॅरिटी. आता पुढचं बघा."

लोक पुढे सरसावले. पडद्यावर जमनाने एका दोरीवरचे बोंबील भराभर ओढून टोपलीत टाकले. ती दोरी तिची नव्हती. तिच्या दोरीलगतचीही नव्हती. भरलेली टोपली डोक्यावर घेऊन ती जवळजवळ पळतच आपल्या घरात शिरली, रिकामी घेऊन परत आली, पुन्हा भरून घेऊन गेली. चित्र तिथे संपलं.

"तरीच म्हटलं, जमनीची सुकी मासळी कधी सरत कशी नाय!" मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

पहिल्या रांगेत बसलेल्या हिनाचे कान तापले. जमना तिची सासू. ती या वेळी बोईसरच्या बाजारात टोपली मांडून बसली होती, आणि इथे तिच्यावर लोक हसत होते.

बोईसरजवळच्या नवापूरच्या पलीकडे खाजणपाडा नावाची लहानशी कोळीवस्ती आहे, तिथली ही मच्छीमार सोसायटी. गोदामातून सुक्या मासळीची पोती गायब होऊ लागली, तेव्हा कॅमेरे आणि कार्डाने उघडणारा दरवाजा बसवायचं ठरलं. दोन कंपन्यांपैकी एक निवडायला तिघांची समिती नेमली आणि तिच्यात हिनाला घेतलं, कारण ती बोईसरच्या एका कारखान्यात कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोरच ड्युटी करते. कॅमेरे हवेत असं सगळ्यांत आधी तीच म्हणाली होती. अंगठ्याचं मशीन तिनेच नाकारलं. मीठ आणि खवल्यांनी बायकांची बोटं इतकी गुळगुळीत झालेली, की मशीन एकीलाही ओळखेना. मग कार्डाचं ठरलं. ज्या घराला कार्ड, त्या घरालाच गोदाम. कार्ड नाही त्यांनी पावसाळ्यात मासळी कुठे ठेवायची, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नव्हता. आता पडला.

भावेश हा त्या दोनपैकी एका कंपनीचा सेल्समन. नमुना म्हणून त्याने खळ्यावरच्या विजेच्या खांबाला आठवडाभर फुकट कॅमेरा लावला होता. खळं म्हणजे समुद्राकडचं मोकळं मैदान. बांबू रोवून, दोऱ्या ताणून बायका तिथे बोंबील सुकवतात.

चेअरमन कुंदन हसत हिनाकडे वळला. "तूच सांगत होतीस ना पोरी, कॅमेरा पायजे, कॅमेरा पायजे? घे. पयल्याच आठवड्यात चोर गावला. आता हिला कार्ड द्यावं का, ते सभेने ठरवावं."

हिना उभी राहिली. "भावेश, याच्या पुढचं दाखव."

"पुढचं नाहीये मॅडम. हालचाल झाली की तेवढंच रेकॉर्ड होतं. त्यातले चांगले चांगले तुकडे मी डेमोसाठी काढले."

"चांगले म्हणजे?"

भावेश ओशाळं हसला. "म्हणजे इंटरेस्टिंग."

"आणि बाकीचं?"

"डेमोच्या मशीनमध्ये जागा कमी असते, त्यावर दुसरं चढलं. ऑर्डर दिली की मोठी डिस्क मिळेल ना, महिनाभराचं राहील."

"हा कुठला दिवस?"

"मंगळवार. सकाळचा."

हिना बायकांच्या रांगेकडे वळली. "नर्मदाकाकी, मंगळवारी सकाळी काय झालं होतं?"

नर्मदा गुडघ्यावर हात टेकून उठली. "वास आला होता. आणि काय होणार?"

हॉलमधला हशा थांबला. वास म्हटल्यावर इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पूर्वेचा वारा सुटला की कारखान्यांच्या बाजूने घसा खरवडणारा, औषधासारखा वास येतो. कुठल्या कारखान्यातून, ते कोणी सांगत नाही. दोरीवरचे बोंबील त्यात सापडले की बाजारात गिऱ्हाईक नाकाला लावून ते बाजूला सारतं. म्हणून वास आला की खळ्यावर जी बाई असेल ती हाताला येईल ती दोरी उतरवते आणि जवळच्या घरात नेऊन ठेवते. आपली, शेजारणीची, भांडण असलेल्या जावेचीसुद्धा. वारा फिरला की ज्याचं त्याला मिळतं. याबद्दल कोणी विचारत नाही आणि कोणी आभारही मानत नाही.

"तोंडाला पदर त्या वासापायी हाय," हिना म्हणाली. "चोर म्हणून नाय."

"आणि ते बोंबील माझे हायेत," नर्मदा म्हणाली. "दुपारी तिनंच आणून दिले. वर माझा चा पिऊन गेली, साखर कमी हाय म्हणून नावं ठेवून गेली!"

बायका हसल्या, पण कुंदन हसला नाही. इतक्या लोकांसमोर बोलून बसल्यावर मागे हटणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "नर्मदावयनी, तू तिची शेजारीण. तू तिच्याच बाजूनं बोलणार. कॅमेरा कोणाचा सोयरा नाय."

"त्याला नाक पण नाय, काका," हिना म्हणाली.

"मंगळवारी वास आला होता याला पुरावा हाय काय?"

गाव इतकी वर्षं त्या वासाच्या तक्रारी करत आलं. दर वेळी कोणी तरी साहेब दोन दिवसांनी गाडीतून येतो, नाक वर करून उभा राहतो आणि वास आढळला नाही असं लिहून जातो. त्या साहेबांना शिव्या घालण्यात कुंदन सगळ्यांत पुढे असायचा. आज त्यांचाच प्रश्न तो आपल्या गावच्या बाईला विचारत होता. मंगळवारी त्याच्या घरात काय नाक नव्हतं?

शेवटी त्यानेच तोडगा काढला आणि सेक्रेटरीला मोठ्याने सांगितला. "लिवा. जमनाबाईंना संशयाचा फायदा देऊन प्रकरण मिटवण्यात येत आहे. कार्ड द्यावे."

"संशय कसला? तिनं काय केलंच नाय!" हिना म्हणाली.

"अगं, मिटवलं ना? कार्ड मिळतंय ना? आता आणखी काय पायजे तुला?"

मग निवड झाली. गोदामाच्या दारावर एक कॅमेरा, खळ्यावर दोन. पोती जातात गोदामातून, मग खळ्यावर दोन कशाला, असं हिनाने विचारलं. "बायकांना शिस्त राहते," असं उत्तर आलं. पासवर्ड एकट्याकडे नको, तिघांकडे असावा, असं ती म्हणाली. तो चेअरमनकडे राहील असं ठरलं. भावेशच्या कंपनीसाठी हात वर झाले. हिनाने आपले हात मांडीवरच ठेवले. इतर कोणाला ते दिसलंही नाही.

बाहेर पडताना तिला एका पोरीने मोबाइल दाखवला. तीच क्लिप, खाली भावेशच्या कंपनीचं चिन्ह आणि लाल अक्षरं: 'कॅमेरा लावला, चोर सापडला!' शनिवारपासून फिरत होती. हिनाने भावेशला स्कूटरवर बसता बसता पकडलं.

"मॅडम, मार्केटिंग असतं ते. नाव कुठे टाकलंय मी?"

"तोंड टाकलंयस! आत्ताच म्हणत होतास ना, झाकलं तरी ओळखू येतं म्हणून?"

त्याने तिच्यासमोर ती काढून टाकली. पण तोवर क्लिप चिंचणीला पोचली होती, बेटेगावला पोचली होती.

जमना संध्याकाळी परतली ती अर्धी भरलेली टोपली घेऊन. ओट्यावर बसून तिने पायाची वाळू झाडली. "आज एक गिऱ्हाईक मला म्हणतं, मावशी, हे बोंबील तुमचेच ना? मला वाटलं मस्करी करतंय. दुसरं पण तेच. काय झालंय गे?"

हिनाने सगळं सांगितलं. जमनाने क्लिप बघायला मागितली. मोबाइल हातभर लांब धरून तिने ती दोनदा पाहिली.

"घाईत माणूस चोरासारखंच दिसतं," ती म्हणाली. "मला त्या टायमाला वाटत होतं, उशीर झाला, नर्मदीच्या दोरीला वास लागला." मग तिने विचारलं, "संशयाचा फायदा म्हणजे काय?"

"म्हणजे..." हिना अडखळली. "केलं असेल, पण सिद्ध नाय झालं."

जमना टोपली उचलून उठली. "मग मला नको तो फायदा. परत दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी हिना चेअरमनकडे गेली. लेखी दे, पुढच्या सभेत बघू, असं तो म्हणाला. तिने लेखी दिलं. सभा लागलीच नाही. कॅमेरे मात्र लागले. कार्डही घरी आलं. जमनाने ते देव्हाऱ्यामागे टाकून दिलं आणि ती गोदामाकडे फिरकली नाही.

मग एका सकाळी पूर्वेचा वारा सुटला. हिनाला त्या दिवशी सुट्टी होती. घशात खवखव होताच ती जमनामागोमाग खळ्यावर धावली. गावात होत्या त्या सगळ्याच बायका आल्या होत्या. प्रत्येकीने आपापली दोरी उतरवली, आपापली टोपली उचलली आणि घरात नेऊन ठेवली. हिना हे आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती.

दोन घरच्या दोऱ्या तशाच भरलेल्या राहिल्या. एक प्रतीक्षाची, ती आदल्याच दिवशी बाळंतपणाला माहेरी गेली होती. दुसरी दमयंतीची. दमयंती म्हणजे चेअरमनची बायको, ती बहिणीकडे पालघरला गेली होती. बायका नाकाला पदर लावून खळ्याकडेच्या ओट्यावर बसून राहिल्या. प्रतीक्षाच्या दोरीकडे बघून जमनाचे हात दोनदा मांडीवरून उठले आणि पुन्हा खाली आले.

कुंदन धावत आला. नाकावर रुमाल होता. "अरे, बसल्या काय? काढा की!"

"कॅमेरा बघतोय, चेअरमन," नर्मदा म्हणाली.

त्याने तिच्याकडे रागाने पाहिलं, टोपली ओढली आणि स्वतःच बोंबील ओरबाडायला लागला. निम्मे तुटून वाळूत पडत होते. टोपली अर्धी भरत आली तेव्हा नर्मदा शांतपणे म्हणाली, "ती प्रतीक्षाची दोरी हाय."

कुंदनचे हात थांबले. बायकोची दोरी कुठली, ते त्याला माहीत नव्हतं. कधी माहीत करून घ्यायची वेळच आली नव्हती. दुसऱ्याचे बोंबील मुठीत घेऊन तो उभा राहिला, आणि नकळत त्याची मान खांबाकडे वर गेली.

"हिना," तो हळू म्हणाला, "हे पुसता येतं काय?"

"पासवर्ड तुमच्याकडं हाय, काका."

"मी काय चोर हाय?"

"नाय," जमना ओट्यावरून म्हणाली. "मी पण नव्हते."

वास दाट होत चालला. कुंदनला खोकला आला. "दमयंतीची कुठली, तेवढं तरी सांग, जमना."

"सांगते. आधी लिवा. मी काय केलं ते लिवा. संशय नको, फायदा नको."

"पुढच्या सभेत..."

"आत्ता."

त्याने बायकांकडे पाहिलं. एकीनेही नजर खाली घेतली नाही. टोपली खाली ठेवून तो मोबाइल काढून टाइप करू लागला. खारट हातांनी अक्षरं चुकत होती. हिनाने शेजारी उभं राहून वाचलं आणि 'गैरसमज झाला' हे त्याला काढायला लावलं. 'जमनाबाईंनी चोरी केली नाही. त्या दिवशी वास आला होता आणि त्यांनी इतरांची मासळी वाचवली. मी चुकलो.' त्याने ते गावाच्या ग्रुपवर टाकलं.

कोणीतरी लगेच त्याखाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं. हिना त्या अंगठ्याकडे बघत राहिली. ग्रुपमध्ये अख्खा खाजणपाडा होता, पण बोईसरच्या बाजारात सासूला विचारणारं ते गिऱ्हाईक नव्हतं, चिंचणीतलं नव्हतं, बेटेगावातलं नव्हतं. तिथे जमना अजून चोरच होती, आणि ते पुसायचा पासवर्ड कोणाकडेच नव्हता.

"टाकलं काय?" जमनाने विचारलं.

"टाकलं."

जमना उठली. कुंदन टोपली घेऊन पुढे झाला, "हीच ना गे आमची?" म्हणत सगळ्यांत लांब दोरीकडे वळला.

"तुमची तीच," जमना म्हणाली. "पण आधी प्रतीक्षाची. धरा टोपली." आणि तिने बोंबील सोडवायला सुरुवात केली.