न ऐकलेली चौदा पाने

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. अर्ध्या करंगळीएवढा माझा जीव. एका कारखान्यात, डोळ्याला भिंग लावलेल्या बाईने चिमट्याने माझे पोट भरले, चाचणीसाठी सेल घातला आणि नेमकी तेव्हाच ती शिंकली. मी ऐकलेला पहिला आवाज तो. तेव्हापासून शिंकेचे आणि माझे काही जमत नाही. बाकी मी भेदभाव करत नाही. चमचा पडला तरी आवाज मोठा करतो आणि कोणी मनातले बोलले तरी तेवढाच मोठा करतो.

ज्यांच्या कानामागे मी बसलो, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. चाळीस वर्षे ते मदरशात कुराणाचे अरबी भाष्य शिकवत होते. भाष्य म्हणजे कुराणातल्या एकेका वाक्याचा अर्थ मागच्या विद्वानांनी कसा लावला, ते सांगणारा ग्रंथ. उस्ताद शिकवत तो ग्रंथ चार खंडांचा होता. तो शिकायची रीत अशी, की शिष्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचायचे आणि गुरूने ऐकायचे. चुकले की गुरू थांबवतो. गप्प राहिला तर बरोबर आहे असे समजायचे. सगळा ग्रंथ असा ऐकून झाला की गुरू स्वतःच्या हाताने परवानगीचा कागद लिहून देतो, मग शिष्याने तो इतरांना शिकवावा. उस्तादांनीही तो आपल्या उस्तादांना असाच ऐकवला होता, आणि त्यांनी त्यांच्या उस्तादांना.

कान अधू झाले तसे मदरशाने चार गोड भाषणे करून उस्तादांना घरी पाठवले. उरली एकच विद्यार्थिनी, त्यांची भाची. ती शिवणकामाच्या कारखान्यात कापड कापायची. रोज सकाळी सात ते आठ वाचायची आणि आठ वाजले की धावतपळत कामावर जायची. गल्लीतल्या बायकांना हा ग्रंथ शिकवायचा, असे तिच्या मनाने घेतले होते. पण कागद हातात आल्याशिवाय एक ओळही शिकवणार नाही, असे ती म्हणे.

अरबी मला कळत नाही. पण उस्ताद मधूनमधून आपल्या भाषेत समजावत, त्यातून थोडे कळायचे. त्या ग्रंथात एकेका शब्दाचे तीन-तीन, चार-चार अर्थ दिलेले. एक विद्वान असे म्हणतो, दुसरा तसे, आणि शेवटी खरे काय ते अल्लाहलाच ठाऊक. भाचीला एखादे मत पटले नाही की ती ते घाईघाईने उरकायची. उस्ताद लगेच थांबवत.

"तुला पटत नाही, त्याचंही नीट वाच," ते म्हणत. "तो बिचारा इथे नाही. त्याच्या वतीने बोलायला तूच आहेस."

तासाभरात दहा वेळा तरी ते तिला थांबवत. माझी निम्मी वर्षे थांबण्यातच जाणार, असे म्हणून ती हसायची.

तिसऱ्या खंडात असताना ती गोष्ट घडली. तिने पान उघडले आणि मी टूं टूं केले. सेल संपला होता. घरातली सेलची पट्टीही रिकामी. सेल मिळत कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे, आणि तो मुलीच्या लग्नासाठी दुकान बंद करून गेलेला. उस्तादांनी एवढेच सांगायचे होते, की आज मला ऐकू येत नाही. पण कानांपायी मदरसा सुटला होता. आता भाचीही धडधाकट कानांचा गुरू शोधेल, या धास्तीने त्यांची जीभ रेटली नाही. तिच्या ओळीवरून फिरणाऱ्या बोटाकडे बघत ते मान डोलावत राहिले. एक दिवस नाही, चार दिवस. चौदा पाने. तिने काय वाचले ते मलाही ठाऊक नाही. सेल नसला की मी नुसता प्लॅस्टिकचा तुकडा.

पाचव्या दिवशी नवा सेल बसला आणि पहिले ऐकू आले ते भाचीचे फोनवरचे बोलणे. ती आईला सांगत होती, "अगं, चार दिवस मामांनी मला एकदाही थांबवलं नाही. खरंच, एकदाही नाही." आनंद तिच्या आवाजात मावत नव्हता. उस्ताद दारातच उभे राहिले. सांगायचे तर तेव्हाच सांगायला हवे होते. त्यांनी शब्द गिळला. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

दीड वर्षाने ग्रंथ पूर्ण झाला. कागद लिहायचा म्हटले की उस्ताद चालढकल करत. आज शाई फिकी आहे, आज हात थरथरतो. भाची जाताना त्यांच्या लिहायच्या टेबलाकडे बघून जायची. तशात ते तापाने दोन आठवडे अंथरुणाला खिळले. उठले तेव्हा मी आवाज कितीही चढवला तरी त्यांच्यापर्यंत काही पोहोचेना. आता यंत्राचा उपयोग नाही, असे कानाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दाखवले.

त्याच आठवड्यात त्यांनी कागद लिहिला. आपले गुरू, गुरूंचे गुरू, अशी सगळी नावे लिहिली. खाली एक ओळ घातली: तिसऱ्या खंडातली ही चौदा पाने मी ऐकलेली नाहीत, माझे कान बंद होते आणि मी मान डोलावली.

भाचीने कागद वाचला. तिचा चेहरा उतरला. ती उठली, तिसरा खंड काढून आणला आणि समोर बसली.

"चौदा तर आहेत, मामा. आत्ता वाचते."

उघडलेले पान बघून त्यांना कळले.

"वाच," ते म्हणाले. "पण आता मी मान डोलावणार नाही."

सवयीने त्यांनी मला लावले होते. ती पाने मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. नवव्या पानावर ती अडली. एक शब्द तिने दोन तऱ्हांनी म्हणून बघितला, मग दोन्ही तऱ्हा समासात पेन्सिलीने लिहून पुस्तक त्यांच्यापुढे केले. उस्तादांनी एकीवर बोट ठेवले.

"जिथे तू अडलीस ते मला दाखवता येईल," ते म्हणाले. "जिथे न अडता चुकलीस, ते मला कसं कळणार?"

ती रडत रडत उरलेली पाने वाचत गेली. मी शब्द न् शब्द मोठा केला. उस्ताद शेवटपर्यंत ताठ बसून होते.

ते जाऊन आता तीन वर्षे झाली. मी भाचीच्या टेबलाच्या खणात असतो. माझा सेल काढलेला आहे, त्यामुळे ऐकू काही येत नाही. सुट्टीच्या दिवशी सात-आठ बायका तिच्याकडे शिकायला येतात, तेव्हा कधी खण उघडा राहिला तर थोडेफार दिसते. एके दिवशी तिसरा खंड त्या पानांपाशी आला. तिने माझ्या शेजारचा कागद काढला, एकेकीच्या हातात देऊन ती शेवटची ओळ वाचायला लावली, आणि चौदा पाने एकदम उलटली.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाच्या कानामागे माझ्यासारखे कोणी बसलेले असेल, तर त्याचा सेल वेळेवर बदला, त्याला पाण्यापासून जपा. आणि त्या माणसाशी असे वागा, की 'मला ऐकू आलं नाही' म्हणायची त्याला भीती वाटू नये. उस्तादांना ती वाटली, आणि भाचीला ती चौदा पाने कोणालाच शिकवता येत नाहीत.