सत्तावीस आणि अठ्ठावीस

ती गेली त्या दिवशी मी एका चौकटीला रंधा मारत होतो. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. फोन शाळेतून आला. बोलत होत्या मावशी, म्हणजे शाळेतल्या शिपाई बाई. "दादा, बाई स्टुलावर बसल्या होत्या. बसल्या बसल्याच..." पुढचं मी विचारलं नाही. रंधा बाजूला ठेवला, हात धुतले आणि निघालो. हात का धुतले ते आजही कळत नाही.

तिला प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर निजवलं होतं. सव्वीस वर्षं माझी बायको त्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. ते टेबल रोज तीच पुसायची. बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग होते, नेहमीचेच. मुख्याध्यापकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"फार वाईट झालं. फारच वाईट. बरं, आम्लांच्या कपाटाची चावी बाईंकडेच असायची. ती कुठे ठेवायच्या, काही कल्पना?"

चावी तिच्या पर्समध्ये होती आणि पर्स माझ्या काखेत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

या माणसाला ती घरी 'सोडियम' म्हणायची. पाण्याचा एक थेंब लागला की पेटतो, म्हणून कायम तेलात बुडवून ठेवावा लागतो. प्रत्येकाला तिनं असं एकेक मूलद्रव्य दिलेलं होतं. विज्ञानाचे नवे सर नावामागे डॉक्टर लावायचे आणि कुणी विसरलं तर आठवण करून द्यायचे. ते 'निऑन'. नळीत घालून वीज दिली की झगमगतो, एरवी कुणाशी जमत नाही. आणि मी? मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही लोखंड. सांगितलं की गंजता." मी दोन दिवस बोललो नाही, म्हणजे तिचंच खरं केलं.

या गोष्टीत एक कपाट आहे, ते आधी सांगायला हवं. ते मी बनवलं होतं.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा छापील तक्ता होता. सगळ्या शाळांत असतो तसाच, कडा दुमडलेला. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, नुसतं कागदावर बघून पोरांना काय कळणार? जस्त कसं दिसतं ते त्यांना दिसायला हवं. त्याच्या जागेवर." मग एका सुट्टीत मी भिंतीएवढं काचेचं कपाट केलं. आडवे अठरा, उभे सात, खाली वेगळ्या दोन ओळी. एकशे अठरा खण. प्रत्यक्षात तिच्याकडे एकोणपन्नासच बाटल्या होत्या. बाकीचे खण रिकामे. त्यांत फक्त नाव आणि क्रमांकाची चिठ्ठी.

"एवढे रिकामे कशाला ठेवतेस? दिसायला कसंसंच दिसतं."

"रिकामा खण म्हणजे चूक नव्हे," ती म्हणाली. "ज्यानं हा तक्ता पहिल्यांदा मांडला ना, त्यानंही खण रिकामे सोडले होते. म्हणाला, इथे काहीतरी असणार, अजून सापडलेलं नाही. आणि सापडलं."

बाटल्या तिनं मिळतील तिथून आणल्या होत्या. इंजेक्शनच्या, शाईच्या, अत्तराच्या, डोळ्यांच्या औषधाच्या. एकीचं बूड गोल, एकीचं चौकोनी, एकीचं आठ कोनी. शाळेनं एकसारख्या बाटल्या कधी दिल्या नाहीत, अर्ज मात्र तीन घेतले. म्हणून मी प्रत्येक खणाच्या तळाला त्या त्या बाटलीच्या बुडाच्या मापाची खाच पटाशीनं कोरली. बाटली खाचेत बसली की हलत नसे. कपाटाला धक्का लागो, पोरं धावोत. आठ कोनी बूड आठ कोनी खाचेतच जाणार. या कामाला मला पाच आठवडे लागले आणि ती रोज संध्याकाळी येऊन म्हणायची, "झालं का?"

फक्त दोन बाटल्या अगदी सारख्या होत्या. बंद पडलेल्या एका प्रयोगशाळेतून एकाच पुडक्यात आल्या होत्या. कोबाल्ट आणि निकेल. सत्तावीस आणि अठ्ठावीस. शेजारी शेजारी.

त्यांच्यावरून आमचं भांडण झालं होतं. मी चिठ्ठ्यांवरचे आकडे बघितले. कोबाल्ट निकेलपेक्षा जड.

"तूच म्हणालीस ना, हलक्यापासून जडाकडे जायचं? मग हा जड आधी कसा?"

"वजनाप्रमाणं आधी मांडलं होतं. मग कळलं की खरा क्रमांक आतला असतो. अणूच्या आत किती प्रोटॉन आहेत, तो."

"मग मला वजन कशाला सांगितलंस?"

"तुम्हाला समजावं म्हणून. समजलं ना? आता विसरा."

तिला असं बोलता यायचं आणि राग यायचा नाही. आता बोलणारे बरेच आहेत, राग सगळ्यांचाच येतो.

ती गेल्याला पाच महिने झाले तेव्हा सोडियमचा फोन आला. "मिस्त्री, तुमच्या त्या कपाटाचं लाकूड फुगलंय. बाटल्या खाचांत बसत नाहीयेत. सोमवारी तपासणी समिती येतेय. जरा येऊन खाचा मोठ्या करून द्या."

वीस वर्षं वाळलेलं लाकूड मी स्वतः निवडून आणलं होतं. ते फुगलं असेल तर मी आजवर केलेली सगळी दारं फुगली असतील. तरी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो.

दारावर मोठा फलक लागलेला होता. 'नूतन मूलद्रव्य दालन'. खाली निऑनचं नाव, डॉक्टरसकट. आत कपाटाचे रिकामे खण थर्माकोलच्या रंगीत गोळ्यांनी भरलेले. बाटल्या टेबलावर, प्रत्येकीवर नवं छापील, रंगीत, चकचकीत लेबल आणि त्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. मोबाईल धरला की माहिती दिसते म्हणे.

"जुनी लेबलं कुठायत?" मी विचारलं. ती तिनं हातानं लिहिलेली होती.

"काढली. पिवळी पडली होती," निऑन म्हणाले. "मावशींनी काढली, गरम पाण्यात टाकून."

मावशी दाराशी उभ्या होत्या. पदर तोंडाला. "सरांनी सांगितलं सगळ्या एकदम टबात टाका म्हणून. मी म्हटलं होतं, एकेक काढते. तर म्हणाले वेळ नाही."

"एकदम? सगळ्या एकोणपन्नास?"

मावशींनी मान डोलावली.

"मग नवी लेबलं कशी चिकटवली?"

"निरीक्षणानं," निऑन म्हणाले.

मी टेबलावरची एक बाटली उचलली. वर ॲल्युमिनियम लिहिलेलं. हात खाली गेला. दुसरी उचलली, तेवढीच, वर शिसं लिहिलेलं. ती पिसासारखी. दोन्ही मी निऑनच्या दोन हातांत दिल्या.

"सर, काही वाटतंय का?"

त्यांनी दोन्ही तोलल्या. चेहरा लाल झाला. माणूस पंधरा वर्षं शिकला, पुस्तकं वाचली, नावापुढे अक्षरं लावली आणि एकदाही बाटली हातात धरून बघितली नाही. आमच्याकडे असा कारागीर पहिल्या दिवशी दुपारच्या आत घरी गेला असता.

"ते बघू नंतर," सोडियम म्हणाले. "समिती काय उचलून बघणारे? तुम्ही आधी खाचा मोठ्या करा."

"लाकूड फुगलेलं नाही."

"फुगतं हो. ओलाव्यानं लाकूड फुगतं," निऑन म्हणाले.

मला. लाकूड फुगतं हे मला सांगितलं.

मी आठ कोनी बाटली घेतली, सरांच्या निरीक्षणानुसार कथील असलेली, आणि तिसाव्या खणात ठेवली. बसली. टक् असा आवाज आला. "हे जस्त आहे," मी म्हणालो. "लाकडाला विचारलं, त्यानं सांगितलं."

मावशी हसल्या. सोडियमनं त्यांच्याकडे बघितलं तशा बाहेर गेल्या आणि पाणी घेऊन परत आल्या. त्या दिवशी त्या खोलीत पाणी विचारणाऱ्या त्या एकट्याच.

मी आधी थर्माकोलच्या सगळ्या गोळ्या काढून कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. सोडियम म्हणाले, "अहो, रिकामं बरं दिसत नाही." मी म्हणालो, "रिकामा खण म्हणजे चूक नव्हे." बाईंनी हे त्यांना पन्नासदा सांगितलं असेल, पण त्यांनी पहिल्यांदाच ऐकलंय असा चेहरा केला.

मग बसलो. मला रसायनशास्त्र येत नाही. गंधक पिवळं आणि तांबं तांबूस एवढंच मला ओळखता येतं. पण या खाचा मी कोरल्या होत्या. गोल, पण एका बाजूला चपटी, ती मँगनीज. दोन कडी असलेली, ती टंगस्टन. माझी पटाशी जिथे निसटली होती आणि मी भुसा-सरस भरून दुरुस्त केलं होतं, ते चांदीचं घर. दुपारी चारपर्यंत सत्तेचाळीस बाटल्या जागेवर बसल्या. एकही खाच मोठी करावी लागली नाही. निऑन मागे उभे राहून लेबलं सोलून दुसऱ्या बाटलीवर चिकटवत होते. तेवढं काम त्यांना जमत होतं.

दोन उरल्या.

दोन्ही बाटल्या सारख्या. दोन्हीत करड्या धातूचे तुकडे. सत्तावीसची खाच आणि अठ्ठावीसची खाच एकाच मापाची, मीच एकाच साच्यावरून कोरलेली. प्रत्येक बाटलीला दोन्ही खाचा हो म्हणत होत्या. लोहचुंबक लावलं, तुकडे दोन्हीकडे धावले. उजेडात धरलं. एक जरा पिवळसर वाटलं, मग दुसरं वाटलं.

"टाका कशाही," सोडियम म्हणाले. "कोण बघतंय?"

मी दोन्ही बाटल्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या आणि हत्यारं भरली.

फाटकापर्यंत निऑन मागून आले. एकटेच. आवाज खाली.

"मिस्त्री, ते ओळखता येतं. एक कण काढून त्यावर आम्लाचा थेंब टाकायचा. गुलाबी झालं तर कोबाल्ट, हिरवं झालं तर निकेल. मिनिटाचं काम आहे. मी करून देतो. फक्त आम्लांचं कपाट उघडायला हवं. चावी सापडेना आणि कुलूप तोडायला ठराव लागतो."

खरं सांगतो, माणूस त्या क्षणी बरा वाटला. पहिल्यांदाच त्याला काहीतरी ठाऊक होतं आणि त्याची फुशारकी नव्हती. मी म्हणालो, "तुम्ही या बाटल्यांना हात लावू नका," आणि निघून आलो.

सोमवारी समिती आली. मावशींनी फोनवर सांगितलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, चहा घेतला. दोन रिकाम्या खणांबद्दल कुणी विचारलं नाही. एकजण म्हणाला, "रिकामे खणही ठेवलेत, छान कल्पना." निऑन म्हणाले, "धन्यवाद." मला हसू आलं आणि मग दिवसभर आलं नाही.

मुलीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, द्या ना चावी. आईनं तरी काय केलं असतं?"

"तुझ्या आईनं त्या सोडियमला उचलून तेलात टाकलं असतं."

"आई चावी देऊन आली असती. आणि दोन शिव्या घरी येऊन दिल्या असत्या तुमच्यासमोर."

मी फोन ठेवला. पोरगी तिच्यावर गेली आहे.

आता तीन महिने झाले. दोन्ही बाटल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत. सकाळी चहा होईपर्यंत मी त्या उजेडात धरतो. आज डावी पिवळसर वाटली, काल उजवी. चावी दाराच्या मागच्या खिळ्याला आहे, तिच्या पर्सच्या पट्ट्याखाली. शाळेत जायला अकरा मिनिटं लागतात. शाळेचं ते कुलूप अजून तोडलेलं नाही, ठराव अजून व्हायचा आहे. चावी द्यायची राहिली आहे आणि सत्तावीस, अठ्ठावीस रिकामे आहेत.