थरथरत्या हाताचा डाव

सासूबाईंची उभी हयात चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासण्यात गेली. तिथंच जेवणाच्या सुट्टीत फ्रेम बसवणाऱ्या एका सोबत्यानं त्यांना 'गो' हा जपानी खेळ शिकवला. आडव्या-उभ्या रेघांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या गोट्या एकेक करून ठेवत जायच्या, जास्त जागा वेढेल तो जिंकला. त्या सोबत्याला सगळे फ्रेमवाले म्हणत. निवृत्तीनंतर ते दुसऱ्या गावी गेले, पण एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम सापडला आणि दोघांचा डाव कॉम्प्युटरवर चालू राहिला.

मग सासूबाईंचा उजवा हात थरथरू लागला. माऊस दाबताना बाण हलायचा आणि गोटी भलत्याच जागी जाऊन बसायची. एकदा बसलेली गोटी उचलता येत नाही. सासूबाई हरत गेल्या, फ्रेमवाले मुद्दाम सैल खेळू लागले. हरण्यापेक्षा ही दया त्यांना जास्त झोंबली. घरात मात्र अवाक्षर नाही. कुणी खोलीत आलं की हात मांडीखाली.

सून सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करायची. "दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते," असं सासूबाई शेजारणीला सांगत, आणि ते काही कौतुकानं नसे. एका रविवारी सकाळी डाव चालू असताना सून मागं येऊन उभी राहिली.

"आई, तिथं कशाला ठेवलीत?"

"ठेवली नाही. पडली."

सुनेनं हाताकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. "हा प्रोग्रॅम नुसता फुकट नाही, आई. त्याचं आतलं सगळं उघडं ठेवलंय. ज्याला येतं त्यानं बदलावं."

"मग बदल की."

तिनं बदललं. आता माऊस दाबला की आधी फिकट गोटी दिसे. कीबोर्डच्या बटणांनी ती हवी तिथं सरकवायची, मनासारखी बसली की पक्की करायची. सासूबाई रोज तपासायला बसत. गोटी फारच फिकट आहे, सरकते ती उड्या मारत सरकते. या खेपेला चुका सासू काढत होती आणि सून निमूट दुरुस्त करत होती.

तिनं ते प्रोग्रॅम बनवणाऱ्यांकडे पाठवलं. उत्तर आलं: काम चांगलं आहे, पण याची गरज फारशी कुणाला पडणार नाही.

"जाऊ द्या, आई. आपल्यापुरतं झालंय ना."

"हात काय माझ्या एकटीचाच थरथरतो?" सासूबाईंनी हात बाहेर काढून सरळ टेबलावर ठेवला. "काढ व्हिडिओ. तोंड नको, हात दिसू दे."

व्हिडिओ प्रोग्रॅम बनवणाऱ्यांकडे गेला. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली तेव्हा ती सोय सगळ्यांसाठी त्यात होती.

फ्रेमवाल्यांशी पुढचा डाव सासूबाई हरल्या, पण अगदी थोडक्यात. सगळ्या गोट्या त्यांनी जिथं ठेवल्या तिथंच होत्या. सैल खेळायला निघालेले फ्रेमवाले शेवटी मेटाकुटीला आले. लगेच त्यांचा फोन आला.

"बाई, दमवलंत आज. हात बरा झाला वाटतं?"

"हात तसाच आहे. प्रोग्रॅम सुधारलाय." सासूबाईंनी नवी सोय सांगितली.

"मलाही दाखवा ती. माझाही हात अलीकडे... कुणी केलं हो हे?"

"आमच्या घरातच झालं," सासूबाई ताठ बसून म्हणाल्या. "काम सुनेचं, हात माझा."

सून दारात उभी होती. सासूबाईंनी फोन तिच्यापुढे धरला. "घे, तूच समजावून सांग त्यांना. आणि सावकाश सांग, वय झालंय त्यांचं."